माझं दुसरं उष्टावण

अनुभव हा शब्द लिहिताना माझा हात अडखळतो. मोठ्या भक्तांना अनुभव येतात. मी लालबागच्या चाळीत राहून कॉलेजात जाणारा एक साधा मुलगा. माझ्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकसुद्धा झालेलं नाही. शिवाय माझ्या हकिकतीत प्रकाश दिसला नाही, आवाज ऐकू आला नाही, स्वप्नात कुणी येऊन दृष्टांत दिला नाही. एका दुपारी नायगावातल्या एका परक्या खोलीत मी वाटीतली खीर खाल्ली, एवढंच घडलं. पण ते आठवलं की छातीत असा काही आनंद उसळतो, की रस्त्यानं चालत असलो तर पावलं आपोआप भरभर पडू लागतात. तो आनंद एकट्यानं सांभाळणं मला जमेना, म्हणून लिहायला बसलो आहे. काही चुकलंमाकलं तर वाचणाऱ्यांनी पदरात घ्यावं.

माझे वडील मी लहान असतानाच गेले. आई खानावळ चालवते. आमच्या गावचे गिरणीत काम करणारे पुरुष, ज्यांची बायकामुलं कोकणात आहेत, ते आमच्या खोलीत जेवायला येतात. एका पाळीचे लोक हात धुऊन उठतात तोवर दुसऱ्या पाळीचे दारात चपला काढत असतात. भाताची वाफ, तिरफळं घातलेल्या बांगड्याचा वास, ओल्या ताटांचा आवाज, यातच मी अभ्यास केला आणि मोठा झालो. आमच्या खोलीत देवाच्या फळीपेक्षा चूल मोठी आहे, असं आई हसून म्हणते. आणि अशा घरातल्या मुलाला, सज्ञान झाल्यावर, अन्न खाता येईना! यावर कुणाचा विश्वास बसेल?

सुरुवात भक्तीनंच झाली. कॉलेजच्या पहिल्या वर्षी परीक्षेची भीती वाटली म्हणून मी दत्तगुरूंचा गुरुवार धरला. परीक्षा पास झालो. त्याच सुमारास वर्गात एक गोष्ट घडली. गिरगावातली चांगल्या घरची मुलं माझ्या बाकावर बसत. त्यांतला एक जण एके दिवशी नाकाला रुमाल लावून म्हणाला, "आज बांगडा वाटतं?" सगळे हसले, मीही हसलो. पण घरी आल्यावर मला माशाची आमटी नको झाली. कारण कसं सांगायचं? ज्या आमटीनं आईनं मला वाढवलं, तिची लाज वाटते असं तिला सांगणार कसं? मी म्हटलं, "आये, मी मासे सोडलेत. देवाचं केलंय." आईनं हात जोडले. तेव्हा मला कळलं की देवाचं नाव घेतलं की पुढं कुणी विचारत नाही.

मग गुरुवारला सोमवार जोडला, सोमवारला शनिवार, मधे एकादशी, संकष्टी. जे अन्न नकोसं वाटे ते देवाच्या नावानं सोडत गेलो. शरीर हलकं वाटू लागलं, आणि त्या हलकेपणाची मला एक गुप्त ऐट वाटे. मी देवाच्या जवळ चाललो आहे, अशी माझी समजूत होती. पण हळूहळू असं झालं की उपास नसलेल्या दिवशीही घास तोंडात कापसासारखा फिरत राही. गळा आवळला जाई. बळंच गिळला तर उलटून पडे. ताट समोर आलं की घाम सुटायचा, एखाद्या आरोपीला पिंजऱ्यात उभं करावं तसं वाटायचं. ऐन मे महिन्यात मला थंडी वाजे. पुस्तकातली एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचायचो आणि ती डोक्यात शिरत नसे. आणि चाळीत मात्र माझं नाव 'बुवा' पडलं होतं! बायका मुलांना माझ्या पायावर घालू लागल्या. आमच्याकडे जेवणारे तात्या म्हणून गिरणीत माग चालवणारे एक वयस्कर साचेवाले आहेत, त्यांना मात्र सगळं दिसत असावं. ते ताटावरून माझ्याकडे पाहत म्हणायचे, "ह्याका आता उदबत्ती ओवाळा. फोटो भिंतीर लावची वेळ इली." लोक हसत. मी डोळे मिटून घेई. मला राग यायचा, आणि खरं तर भीतीही वाटायची.

इस्पितळात दाखवलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली, म्हणाले, "दोष काही दिसत नाही. खात जा." मी मान हलवली. दोष पोटात नव्हता हे मला ठाऊक होतं. तो कुठं होता ते मात्र मलाही सांगता आलं नसतं.

शेवटी एके दिवशी आईनं माझ्यासमोर पान मांडलं. मी म्हटलं, "आज माझा..." तिनं मला पुढं बोलू दिलं नाही. इतक्या शांतपणे ती आयुष्यात कधी बोलली नसेल. "झिला, तू जेवल्याशिवाय मी जेवचंय नाय. तुझो देव मोठो असात. माझो हट्टय बारको नाय."

मला वाटलं, रागानं म्हणते आहे, संध्याकाळपर्यंत विसरेल. ती विसरली नाही. सगळ्या गिरणीवाल्यांना पोटभर वाढायची आणि स्वतः पाणी पिऊन भांडी घासायला बसायची. फार झालं तर पेजेचं वरचं पाणी. चुलीजवळून उठताना ती भिंतीला हात लावू लागली, तेव्हा मी घाबरलो. तिच्यासमोर बसून भात कालवला, डोळे मिटले, घास गिळला, आणखी एक गिळला, आणि मोरीकडे धावलो. आईनं पदरानं माझं तोंड पुसलं. जेवली मात्र नाही. त्या क्षणापासून माझं सगळं जीवन एका प्रश्नाभोवती बांधलं गेलं. मला खाता आलं नाही, तर माझी आई जाईल.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे होते. आज हरताळ, उद्या सभा, परवा मोर्चा असं चालायचं. अशाच एका हरताळाच्या दिवशी गिरण्या बंद होत्या, म्हणून सगळे जेवणारे एकदमच आमच्या खोलीत आणि बाहेर गॅलरीत जमले होते. जेवणं झाली तरी कुणी उठेना. मी बाहेर पाहतो तर तात्यांनी डोक्याला टॉवेल गुंडाळला होता आणि हातात नारळ घेतला होता. आमच्याकडे संकट आलं की गावचा वडीलधारा माणूस उभा राहून देवापुढे मोठ्यानं गाऱ्हाणं घालतो आणि बाकीचे त्याला साथ देतात. पण ते गाऱ्हाणं माझ्यासाठी होतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!" तात्यांनी सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा!" सगळी गॅलरी गरजली.

"ह्यो तुझो झील अन्नाक पाठमोरो झालो आसा. ह्येची आवस ह्येच्यापायी उपाशी आसा. काय चुकला असात तर पोटात घाल, आणि ह्येच्या तोंडाक चव दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

जे तात्या रोज माझी थट्टा करत, त्यांचा आवाज शेवटी चिरकला. आई चुलीकडे तोंड करून बसली होती, तिचे खांदे हलत होते. मला तिथं उभं राहवेना. इतके दिवस मी देवाकडे एकच मागत होतो, उपास पार पाडण्याचं बळ. आणि ही माणसं, दिवसभर यंत्राशी झगडणारी, माझ्यासाठी भूक मागत होती! मी चपला पायात सरकवल्या आणि निघालो. दादरला दत्ताचं एक छोटं देऊळ आहे, तिथं मी नेहमी जात असे. तिकडेच जावं असं वाटलं. परळवरून चालत जाताना मनातल्या मनात एवढंच म्हणालो, "देवा, माझ्यानं होत नाही. मला काही येत नाही. आता तूच बघ." अशी प्रार्थना मी पूर्वी कधी केली नव्हती. माझ्या प्रार्थनांत नेहमी मी काय करीन तेच असायचं.

देवळापर्यंत मी पोहोचलोच नाही. नायगावजवळ मोर्चा आडवा आला. केवढी माणसं! बायका कडेवर मुलं घेऊन निघालेल्या, म्हातारे काठ्या टेकत निघालेले. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" अंगावर काटा आला. मीही हात वर केला, पण माझ्या घशातून आवाजच निघाला नाही, इतकी शक्ती गेली होती. तेवढ्यात पुढच्या बाजूला गलका झाला, पोलीस धावत आले, अश्रुधुराची नळकांडी फुटली. डोळ्यांत निखारे घातल्यासारखं झालं. मी लोकांबरोबर पळत सुटलो, बीडीडी चाळींच्या मधून, कुठल्या तरी जिन्यानं वर, आणि तिथंच खाली बसलो. एक दार उघडलं, एका हातानं माझं मनगट धरून मला आत ओढलं आणि दाराला कडी घातली.

"आरं, लाकूड हाय का मानूस? काय ही हाडं!" असं कुणीतरी म्हणालं, आणि माझ्या डोळ्यांवर ओलं फडकं आलं.

फडकं काढलं तेव्हा समोर एक म्हातारी होती. कपाळ मोकळं, हातात काठी नाही तरी काठीसारखी ताठ. खोली सारवल्यासारखी लख्ख. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्यापुढे मेणबत्ती. खाली नव्या कापडाच्या चौघडीवर एक गुटगुटीत तान्ही मुलगी बसवलेली, मागून तिला तिच्या आईनं धरलेलं. पुढे स्टीलची चकचकीत वाटी. मुलगी रडत होती. काही तरी शुभ चाललेलं होतं आणि मी मधेच येऊन पडलो होतो.

"आमच्या नातीचं उष्टावण हाय," म्हातारी म्हणाली. "पयला घास मामानं भरवायचा, आन मामाचा पत्ता न्हाई. सुनंचा भाऊ पोलिसात हाय. तुमच्यामागं काट्या घिऊन पळत असंल कुटंतरी!"

सून तोंडावर पदर धरून हसली. मी पाणी मागितलं, त्यांनी तांब्या दिला, मी प्यायलो. मग म्हातारीनं दुसऱ्या वाटीत खीर घातली आणि माझ्यापुढे केली. गुळाची, तांदळाची खीर होती ती. "घे. पळून पळून जीव गेला आसंल तुजा."

आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "नको आजी, आज माझा उपास आहे."

म्हातारीचा हात तिथंच थांबला. तिचा चेहरा दार लावून घ्यावं तसा बंद झाला. वाटी तिनं हळूच खाली ठेवली. "आसू दे," ती म्हणाली. "आमच्या घरात आलं की लई लोकांचे उपास निघत्यात."

सून हसायची थांबली. क्षणभर मला काहीच उमगलं नाही. आणि मग उमगलं तेव्हा मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं! तिला वाटलं होतं, मी त्यांच्या घरचं अन्न विटाळ म्हणून नाकारतो आहे. जिनं मला धुरातून आत ओढलं, माझे डोळे धुतले, तिलाच मी असं वाटायला लावलं. देवाचं नाव पुढं केलं की कुणी विचारत नाही, हे मी शिकलो होतो. त्याच शब्दांनी दुसऱ्यांनी तिच्या उंबऱ्यावर तिला काय काय ऐकवलं असेल याचा मी कधी विचारच केला नव्हता. आता खरं सांगण्यावाचून सुटका नव्हती. आणि जे मी आईला सांगितलं नव्हतं, डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, दत्तगुरूंनाही धडपणे सांगितलं नव्हतं, ते त्या परक्या बाईसमोर घडाघडा बोलून गेलो.

"आजी, उपास नाही. खोटं बोललो मी. मला खाताच येत नाही. कुणाच्याही घरचं नाही, माझ्या आईच्या हातचंही नाही. घशाखाली उतरत नाही, आणि मला त्याची भीती वाटते. माझी आई माझ्यासाठी उपाशी बसली आहे."

म्हातारी माझ्याकडे पाहत राहिली. माझी हाडं, बुडालेले डोळे, सगळं तिनं निरखून पाहिलं. मी खरं बोलतो आहे हे तिला पटलं असावं, कारण तिच्या तोंडावरची रेघ सैल झाली. मला वाटलं, आता ती माझी कीव करील. पण ती नातीकडे वळून म्हणाली, "आगं बया! म्हंजी हिला बी खायला येत न्हाई आन ह्याला बी येत न्हाई. चांगली जोडी जमली. शिका आता दोगं मिळून!"

सून पुन्हा हसली. मीही हसलो. कितीतरी दिवसांनी हसलो! म्हातारीनं वाटी-चमचा माझ्या हातात दिला. "मामाची वाट बगून पोर उपाशी मरंल. तूच भरीव."

"मी? अहो, पण मामाचा मान..."

"आमी देव सोडलं, उपासतापास सोडलं, पर मामाचा घास न्हाई सोडला. आज दारात आला तो मामा. बस खाली."

मी मांडी घातली. मला तान्ह्या मुलांची सवय नाही. चमच्याच्या टोकावर थोडी खीर घेतली आणि त्या मुलीच्या ओठांशी नेली. तिनं रडं थांबवून माझ्याकडे इतक्या गंभीरपणे पाहिलं, की मीच ओशाळलो. खीर ओठाला लागली. तिनं तोंड वाकडं केलं, डोळे मिटले, अंग शहारलं, जिभेनं सगळी खीर बाहेर ढकलली. हुबेहूब मी! आईसमोर बसून मी करतो तेच ते! कुणीतरी आरसा समोर धरावा तसं वाटलं. पण तिच्यावर कुणी रागावलं नाही. तिची आई म्हणाली, "शिकंल हो. पयलाच घास हाय." हनुवटीवरची खीर बोटानं टिपून पुन्हा तोंडात घातली. पुन्हा बाहेर आली. पुन्हा घातली.

मी पुन्हा चमचा पुढे केला. "आ कर बाळा. आऽऽ..." असं म्हणताना माझंच तोंड केव्हा उघडलं मला कळलं नाही. भरवणाऱ्याचं तोंड उघडतंच, हे मी आईला हजारदा करताना पाहिलं होतं. मुलीला मजा वाटली. तिनं वाटीत पंजा बुडवला आणि तो खिरीनं भरलेला इवलासा हात सरळ माझ्या उघड्या तोंडात घातला.

मी गिळलं.

आधी गिळलं आणि मग माझ्या लक्षात आलं की मी गिळलं. भीती मागाहून धावत आली, पण तोवर घास खाली उतरून गेला होता! मी श्वास रोखून बसलो. नेहमीसारखा गळा आवळेल, पोट उलटेल, याची वाट पाहत बसलो. काही झालं नाही. गुळाची गोडी होती. जिभेवर गोडी होती! चव! तोंडाला चव दी रे म्हाराजा म्हणून जी मागितली होती ती ही! माझ्या सगळ्या अंगातून अशी लाट गेली, की मला उठून त्या खोलीत नाचावंसं वाटलं. तेवढ्यात मुलीनंही चमच्यातली खीर गिळली आणि हसली, दात नसलेलं, तोंडभर हसली. "खाल्लं! खाल्लं!" सून ओरडली. म्हातारी माझ्याकडे पाहत म्हणाली, "दोगांनी बी!"

मग मी माझी वाटी उचलली. एक घास घेतला. थांबलो. म्हातारीनं "घे आजून" म्हटलं नाही, त्याबद्दल मी तिचा जन्माचा ऋणी आहे. ती नातीचं तोंड पुसत बसली, जणू माझ्याकडे तिचं लक्षच नाही. मी दुसरा घेतला. मधे एकदा गळा आवळल्यासारखा झाला, तेव्हा मी त्या पोरीकडे पाहिलं. ती चमच्याशी झगडत होती, सांडत होती, पुन्हा तोंड उघडत होती. समोरचा हात चांगलंच काही देईल, एवढंच तिला ठाऊक होतं, त्यापुढे तिनं काही विचारलं नव्हतं. मीही विचारायचं सोडलं. वाटी अर्धी झाली. पुढे जाईना, तेव्हा ठेवली. अर्धी वाटी! मला ती समुद्र प्यायल्यासारखी वाटली.

दारावर थाप पडली. निळ्या गणवेशातला पोलीस, पिवळी टोपी काखेत, घामानं निथळत, बुटांवर धूळ. मी दचकून उठलो.

"हा कोन?" त्यानं विचारलं.

"तुज्याआदी आलेला मामा," म्हातारी म्हणाली. "मान गेला तुजा. जा, अजून जरा लोकांच्या मागं पळ."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "मोर्च्यात होतास?"

मी मान हलवली.

"मंग मीच पळवलं आसनार तुला." तो मटकन खाली बसला आणि बूट काढू लागला. "महाराष्ट्र आमाला बी पायजे रं बाबा. पर पगार सरकारचा हाय. आक्के, आदी खीर वाढ, मंग काय शिव्या द्यायच्या त्या दे." त्यानं भाचीला घास भरवला, तिनं तोही खाल्ला. मग वाटी घेऊन तो माझ्या मांडीला मांडी लावून बसला. आणि आम्ही दोघं मामा शेजारी शेजारी बसून उरलेली खीर खात होतो. होय, मीसुद्धा! तो भराभर, मी एकेक घास.

रस्ता मोकळा झाल्यावर त्यानंच मला परळच्या वळणापर्यंत आणून सोडलं. निघताना मी म्हातारीच्या पाया पडलो आणि म्हणालो, "आजी, आज देवच तुमच्या रूपानं भेटला." ती म्हणाली, "देव कुटला? खीर माज्या सुनंनं रांदली. तिला सांग." मी सुनेलाही नमस्कार केला. ती लाजून आत पळाली.

मी लालबागपर्यंत अक्षरशः धावत गेलो, पोटात खीर हिंदकळत होती तरी. दिवेलागण झाली होती. मोर्च्याची बातमी येऊन पोहोचली होती आणि सगळे माझी वाट पाहत गॅलरीत उभे होते. आई जिन्यातच भेटली. "मेल्या, खय होतंस? माझो जीव गेलो हंयसर!"

"आये, मी खाल्लं," मी म्हणालो. "उलटलं नाही. आता तू जेव. आणि मला थोडी पेज दे."

तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. तात्यांनी विचारलं, "खय खाल्लंस?"

"नायगावला. एका बौद्ध कुटुंबात. त्यांच्या मुलीचं उष्टावण होतं."

आमच्या लोकांना मी ओळखतो. त्यांतल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं तेही मला दिसलं. तात्या मात्र टॉवेलनं कपाळ पुसत म्हणाले, "गाऱ्हाणा घातला आपण रवळनाथाक. आता तेना खंयच्या दारात चूल पेटवल्यान, ता आपण कोण इचारतलो?" आणि आई? ती माझ्याकडे एकटक पाहत होती. मग तिनं हळूच विचारलं, जशी एक रांधणारी बाई दुसरीबद्दल विचारते तशी, "खिरीत गूळ होतो काय साखर?"

"गूळ, आये."

"आणि जायफळ?"

"ते मला नाही कळलं."

"आसतला," आई म्हणाली. "उद्या मीय तशीच करतंय." आणि ती चुलीशी जाऊन बसली, पेजेची दोन पानं वाढली, एक माझं, एक तिचं. तिनं पहिला घास घेतला, तेव्हा मी माझा घेतला.

हे वाचून कुणाला वाटेल, त्या दिवसापासून माझं सगळं ठीक झालं. तसं झालेलं नाही, आणि खोटं लिहून मला देवाचं नाव मोठं करायचं नाही. कित्येक दिवस घास अडकले. कधी पुन्हा मोरीकडे धावलो. पण आता मी उपासाचं नाव पुढं करत नाही. नाही जमलं तर नाही जमलं असं आईला सांगतो, ती थोड्या वेळानं पुन्हा वाढते. इस्पितळात दुसऱ्या एका डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं, तेव्हा त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ते म्हणाले, हा आजार आहे, सावकाश जाईल, आणि तू एकटा नाहीस. मी अजून त्यांच्याकडे जातो. आई एकदा नारळ आणि सुके बांगडे घेऊन नायगावला जाऊन आली. आई आणि त्या आजींचं पहिल्याच भेटीत जायफळावरून भांडण झालं आणि तेव्हापासून त्यांची घट्ट मैत्री आहे.

तो योगायोग होता का कृपा, हे मी कुणाला पटवून देऊ शकणार नाही. त्या आजी माझ्या देवाला मानत नाहीत, आणि मला त्यांच्यापुढे तो वाद घालायचा नाही. मला एवढंच माहीत आहे की गॅलरीत माझ्यासाठी माणसांनी हाक मारली, रस्त्यावर मी हात टेकले, आणि दुपारी एका दारानं मला आत घेतलं. मी इतके दिवस देवाला काय काय सोडून देत होतो! त्याच्या हातून काही घ्यायचं मात्र मला सुचलं नव्हतं. शरण जाणं म्हणजे काय, हे मी कीर्तनांत पुष्कळ ऐकलं होतं. दात न आलेल्या त्या मुलीनं ते मला करून दाखवलं. दत्तगुरूंना, रवळनाथाला, आमच्या आणि नायगावच्या चुलीला आणि तिथं रांधणाऱ्या दोघींना माझे साष्टांग नमस्कार.

पुष्कळ लिहायचं होतं, पण आई हाक मारते आहे. पान वाढून झालंय. थांबतो, भात निवेल.